छोट्या पडद्यावरचा देश: इतिहास, राजकारण आणि सैन्य यांवरच्या कार्यक्रमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी एखादी मालिका किंवा माहितीपट लावायचा, लहानमोठ्यांनी एकत्र बसून बघायचा आणि मग तासभर त्यावर बोलायचं, असा शिरस्ता गेली आठ वर्षं चालू आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. रविवारी उठणारे प्रश्न बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

घरच्यांनी मिळून बघायचं, तर सुरुवात कशानं करावी?

श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'नं. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही ५३ भागांची मालिका आजही प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट बघता येते. ती जवाहरलाल नेहरूंच्या ग्रंथावर बेतलेली आहे, आणि तो ग्रंथ लिहिला गेला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात. १९४२च्या ऑगस्टमध्ये पकडून आणलेल्या नेत्यांना तिथे ठेवलं होतं. १९४४ साली पाचेक महिन्यांत नेहरूंनी तिथे बसून तो पुरा केला. रोशन सेठ नेहरूंच्या वेषात येऊन बोलतात तेव्हा मुलांना मी हे आधी सांगते. हा माणूस तुरुंगात बसून, हाताशी मोजकी पुस्तकं असताना देशाचा इतिहास आठवतो आहे हे कळलं, की मुलं वेगळ्या कानांनी ऐकतात.

सगळे ५३ भाग ओळीनं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही अशोकापासून सुरुवात केली, मग नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केलेले भाग पाहिले, आणि मग मागे वळून ऋग्वेदकाळाकडे गेलो. एक सांगते: ओम पुरी अशोकही होतात आणि औरंगजेबही होतात. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचा गोंधळ होतो. तो होऊ द्यावा. हे नाटक आहे, घडलेल्या गोष्टीची मांडणी आहे, हे त्यांच्या लक्षात यायला त्याच्यासारखी दुसरी वाट नाही.

ऐतिहासिक मालिकेत दाखवतात ते खरं असतं का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. त्याला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रोजची मालिका कशी चालते ते आधी बघा. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भागात वीस-बावीस मिनिटांची गोष्ट. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७च्या सप्टेंबरपासून २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळपास अडीच वर्षं चालली. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१च्या जानेवारीतला आणि त्यांची हत्या ११ मार्च १६८९ची. या आठ वर्षांची कागदपत्रं आहेत, पण रोज संध्याकाळी माजघरात कोण काय बोललं याचा कागद कुठून असणार? ते संवाद लेखकाला रचावेच लागतात. रचण्यात गैर काही नाही. पण कुठली घटना कागदावर उभी आहे आणि कुठली लेखकाच्या कल्पनेवर, हे बघणाऱ्याला कळायला हवं, एवढाच माझा आग्रह आहे.

संभाजी महाराजांचंच उदाहरण घ्या. शंभर-दीडशे वर्षं मराठी नाटक-कादंबऱ्यांतून त्यांची प्रतिमा बेफिकीर, व्यसनी राजपुत्राची होती. ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीवरून आली. ही बखर १८१०च्या सुमाराची, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शिवाय ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला, त्यांच्याच घराण्यातला हा बखरकार. मग वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं दफ्तरं धुंडाळण्यात घालवली आणि १९६० साली चरित्र प्रसिद्ध केलं. डॉ. कमल गोखले यांनीही स्वतंत्र संशोधन केलं. आज टीव्हीवर दिसणारा कर्तबगार, संस्कृत जाणणारा, एकाच वेळी अनेक शत्रूंशी झुंजणारा राजा हा त्या धूळभरल्या कामातून उभा राहिलेला आहे. मालिकेला टाळ्या मिळतात. बेंद्र्यांचं नाव आमच्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं. ते मला लागलं. त्या दिवसापासून आम्ही वही सुरू केली.

ही 'वही' काय भानगड आहे?

साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर आजच्या भागात काय घडलं ते लिहायचं. उजव्या पानावर एकच प्रश्न: हे कुठून घेतलं? मग पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी शोधून आणायचं. सभासदाच्या बखरीत आहे का, एखाद्या पत्रात आहे का, इंग्रजांच्या वखारीच्या नोंदीत आहे का, की कादंबरीतून आलंय? उजवं पान कोरं राहिलं तर कोरंच ठेवायचं. आमच्या वहीतली निम्मी उजवी पानं कोरी आहेत, आणि मला ती भरलेल्या पानांइतकीच मोलाची वाटतात.

त्या काळी लोक मालिकेतल्यासारखी शुद्ध मराठी बोलायचे का?

नाही. शिवकालीन पत्रं वाचली तर पहिल्यांदा दचकायलाच होतं, इतके फारसी-अरबी शब्द त्यांत आहेत. राज्यकारभारातले असे शब्द काढून संस्कृत शब्द रुजवावेत म्हणून महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. मुळात शब्द रुळलेले होते, म्हणून तर कोशाची गरज पडली.

महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं. जुमलेदार, हवालदार, कारकून यांना ते उद्देशून आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आताच उधळू नका, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नका, तसं केलंत तर तुमच्यापेक्षा मोगल बरे असं लोक म्हणतील, असं त्यात बजावलं आहे. पुढे तर अशी ताकीद आहे की रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. ज्या राजाला उंदरानं नेलेल्या वातीची काळजी आहे, तो मला दहा तलवारबाजीच्या प्रसंगांपेक्षा मोठा दिसतो. अशा पत्रावर कुणी एक अख्खा भाग करावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

हे पत्र मी आबांना वाचून दाखवलं तेव्हा 'हवालदार' शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. "पुन्हा वाच," म्हणाले. त्यांचा हुद्दा तोच.

'ही कथा काल्पनिक आहे' असा खुलासा आधी येतो. मग बघायचं कशाला?

खुलाशाचे दोन प्रकार असतात. एक प्रामाणिक, की आम्ही कादंबरीवरून मालिका केली आहे. ऐंशीच्या दशकात गाजलेली मराठी 'स्वामी' रणजित देसाईंच्या कादंबरीवर होती, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांची ओळख माझ्या पिढीला तिनंच करून दिली. दुसरा प्रकार वादातून येतो. १९९०च्या टिपू सुलतानावरच्या मालिकेला, ती कादंबरीवर आधारलेली कल्पित कथा आहे, असा खुलासा दाखवावा लागला. दोन्ही वेळी बघणाऱ्यानं एवढंच करावं: कादंबरीला कादंबरी म्हणून दाद द्यावी आणि इतिहासासाठी वही उघडावी.

अशा मालिकांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं का?

चित्रपटाला लागतं, टीव्ही मालिकेला आधी घ्यावं लागत नाही. तिला १९९५चा केबल टेलिव्हिजन कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते.

कोर्टात जाता येतंच. इथे 'तमस'ची गोष्ट सांगायला हवी. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली फाळणीवरची मालिका १९८८च्या जानेवारीत दूरदर्शनवर आली आणि ती थांबवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बघितली आणि मगच दाखवायला परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही फेब्रुवारीत तोच निकाल लागला. त्या निकालात जो निकष धरला तो नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयातला, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली घालून दिलेला: शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसावरून, प्रत्येक गोष्टीत धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे. मला वाटतं, प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारं वाक्य आपल्या कायद्यात आहे याचा अभिमान बाळगावा.

सैन्यावरचं चांगलं काय आहे?

जुन्यांत चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' (१९८८). आजवर २१ जणांना हे पदक मिळालं आहे. बघताना मुलांना दोन मराठी धागे जरूर सांगा. पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचं. त्या जन्मानं युरोपीय, लग्नानं खानोलकर. आणि जिवंतपणी हे पदक मिळवणारे पहिले अधिकारी रामा राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले. १९४८च्या एप्रिलमध्ये राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग त्यांनी माऱ्याखाली काढले. 'फौजी' (१९८९) आज लोकांना शाहरुख खानमुळे आठवते, पण प्रशिक्षणातला घाम आणि पोरांची मस्ती तिच्यात खरी उतरली आहे. अलीकडची 'रेजिमेंट डायरीज' पलटणींचा इतिहास त्या त्या पलटणीच्या माणसांकडून सांगवते.

आबा लढाईची दृश्यं बघायचे नाहीत, उठून अंगणात जायचे. पण एकदा एका माहितीपटात जवान तंबूबाहेर बसून पत्र लिहितो आहे, गुडघ्यावर पाटी ठेवून, एवढंच दृश्य होतं. ते त्यांनी उभ्यानं, दाराच्या चौकटीला धरून शेवटपर्यंत बघितलं. सैन्यावरच्या कार्यक्रमात मी आता हेच शोधते: माणूस कसा राहतो, काय खातो, रजा नाकारली की काय करतो.

सैन्यावर मालिका करायला परवानगी लागते का?

२०२० साली संरक्षण मंत्रालयानं कळवलं की सैन्याचं चित्रण असलेले चित्रपट आणि वेबमालिका दाखवण्याआधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. गणवेशाचा आणि सैन्याच्या प्रतिमेचा मान राहावा हा हेतू. तो मला पटतो. पण सैनिकाचं दुःख, वरिष्ठांची चूक, विधवेची पेन्शनसाठीची पायपीट हेही दाखवता आलं पाहिजे. मान राखण्यासाठी हे झाकायची गरज नाही, फौजी घरातल्या कुणालाही विचारा.

१९७१च्या युद्धाचं टीव्हीवरचं जुनं चित्रण मराठीत का सापडत नाही?

कारण तेव्हा महाराष्ट्रात टीव्हीच नव्हता. दिल्लीत १९५९मध्ये सुरू झाला, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. १६ डिसेंबर १९७१ची ढाक्याची शरणागती आपल्याकडच्या लोकांनी बघितली ती थिएटरात, सिनेमाआधी लागणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या न्यूजरीलमध्ये. त्याआधी कानांनी, आकाशवाणीवर.

लढाई किंवा अतिरेकी हल्ला चालू असताना बातम्या बघाव्या का?

बघा, पण थांबून. १९९९चं कारगिल हे आपल्या घराघरांत टीव्हीवर पाहिलं गेलेलं पहिलं युद्ध. त्यातून जवानाचा चेहरा लोकांपर्यंत पोचला, हे खरं. पण २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत जे झालं ते विसरता येत नाही. कमांडो कुठे उतरताहेत हे वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्याबद्दल स्पष्ट शब्दांत दोष दिला. २०१५ साली केबल नियमांत दुरुस्ती झाली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयानं याची पुन्हा आठवण करून दिली.

तरीही मे २०२५मध्ये कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही वाहिन्यांवर झळकल्या, आणि त्या खऱ्या नव्हत्या. याआधी अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या लढाईचं म्हणून व्हिडिओ गेममधलं चित्रण दाखवलं गेलं होतं. सीमेवर ज्यांची मुलं आहेत त्या घरांत अशा रात्री काय होतं ते मी बघितलं आहे. आमच्या शेजारच्या वहिनी रात्रभर रिमोट हातात धरून बसल्या होत्या, दर पाच मिनिटांनी वाहिनी बदलत. त्यांना खोटी जीतही नको होती. त्यांना मुलाचा फोन हवा होता.

खोटं चित्रण ओळखायचं कसं?

पडद्याच्या कोपऱ्यात 'फाइल' किंवा 'प्रातिनिधिक' लिहिलंय का बघा. तेच दहा सेकंद पुन्हा पुन्हा फिरत असतील, जागा-वेळ सांगत नसतील, तर थांबा. सैन्याच्या अधिकृत पत्रकार परिषदेची वाट बघा. आणि कळेपर्यंत गावच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका.

राजकारणावरचे कार्यक्रम निःपक्षपाती असतात का?

सरकारी वाहिनी सरकारचीच बाजू घेते असा अनुभव आपण आणीबाणीत घेतला. १९७७च्या फेब्रुवारीत दिल्लीत जगजीवनराम यांच्या सभेच्या वेळी लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शननं 'बॉबी' लावला. तरी रामलीला मैदान भरलं.

पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं ठरवलं. मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. प्रकरण क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाचं होतं, पण त्याचा अर्थ फार मोठा: लहरी ना सरकारच्या, ना कुणा उद्योगपतीच्या. वाहिन्यांची मालकी आणि जाहिराती बघताना हा निकाल मनाशी ठेवा.

मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास निवडणुकीचा प्रचार टीव्हीवर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६नं मनाई आहे. पण पडदा आणि राजकारण यांची सरमिसळ त्या ४८ तासांत थांबत नाही. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोन्ही भूमिकांनी घराघरांत पोचलेले डॉ. अमोल कोल्हे २०१९ला शिरूरमधून खासदार झाले, तेव्हा संभाजी महाराजांवरची मालिका चालूच होती. यात बेकायदेशीर काही नाही. मतदारानं भूमिका वेगळी आणि उमेदवार वेगळा मोजावा, एवढं मी मुलांना सांगते.

त्यापेक्षा मुलांना संसद दाखवावी का?

हो. संसद टीव्ही आहे; लोकसभा आणि राज्यसभेच्या वाहिन्या एकत्र करून २०२१ला तो सुरू झाला. प्रश्नोत्तराचा तास लावा. गोंधळ झाला तर तोही बघू द्या.

त्याआधी 'संविधान' ही बेनेगल यांचीच दहा भागांची मालिका (२०१४) दाखवलीत तर उत्तम. सचिन खेडेकर यांनी डॉ. आंबेडकरांची भूमिका केली आहे. इथे आमच्या वहीचं उजवं पान कधीच कोरं राहत नाही, कारण संविधान सभेतली चर्चा शब्दन्‌शब्द छापलेली आहे, ९ डिसेंबर १९४६पासूनची. पंजाबराव देशमुख, काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे या आपल्या माणसांची भाषणं त्यात सापडतात. नववीतल्या एका मुलीनं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण शोधून आणलं, राजकारणातली विभूतिपूजा लोकशाहीला घातक असल्याचं सांगणारं, आणि भाग संपल्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. वाचताना दोनदा अडखळली. कुणी हललं नाही.

२६ जानेवारीचं संचलन दरवर्षी सारखंच वाटतं. काय बघायचं?

आवाज थोडा कमी करा आणि पावलं बघा. आबा निवेदन चालू झालं की म्हणायचे, "बँड ऐकू दे." मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी आली तर मुलांना सांगा की हिची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली आणि केंद्र बेळगावला आहे. चित्ररथांत आपला मान मोठा आहे: २०१५ला पंढरीची वारी आणि २०१८ला शिवराज्याभिषेक, दोन्ही पहिले आले.

एखादा कार्यक्रम चुकीचा किंवा भडकवणारा वाटला तर?

आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करा: कार्यक्रम, तारीख, वेळ, नेमकं वाक्य. २०२१च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे, आणि त्यानंतर मंत्रालयाच्या समितीकडे जाता येतं. आम्ही एकदा एका लढाईची तारीख चुकली म्हणून लिहिलं होतं. उत्तर आलं, सौजन्यानं आलं. मोडतोड आणि धमक्या देऊन मालिका बंद पाडणं मात्र मला मान्य नाही.

घरी जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत. वडिलांनी रेकॉर्ड केलेलं संचलन, जुन्या मालिका. टाकून देऊ का?

कृपा करून टाकू नका. दूरदर्शनच्या जुन्या टेपांवर नवं रेकॉर्डिंग होऊन कितीतरी कार्यक्रम पुसले गेले. कधी कधी घरातली प्रतच तेवढी उरलेली असते. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा, फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये मुळीच घालू नका, ती फीतही जाईल आणि मशीनचं हेडही. ज्याच्याकडे चालू व्हीसीआर आहे अशा स्टुडिओवाल्याकडून संगणकावर उतरवून घ्या, दोन प्रती ठेवा. कॅसेट उभी ठेवा, टीव्ही-स्पीकरपासून लांब, कोरड्या जागी.

आणि उतरवण्याआधी वेष्टनावरचं अक्षर जसंच्या तसं लिहून घ्या, फोटोही काढा. आमच्या एका कॅसेटवर आबांनी पेननं लिहिलंय: "२६ जाने. ८९. सुरुवातीला लाइट गेली. मराठा २ नंबर कॅसेटला."